रुमाल टाकून जागा धरायची: पीजीच्या मुलांना संशोधनाचं इंग्रजी शिकवताना

द्राक्षावरच्या डावणी रोगावर आमच्याकडच्या एका मुलीनं सेमिनार दिला. दिंडोरीकडची पोर, घरची तीन एकर बाग, त्यामुळे विषय पाठ करायची गरजच नव्हती. पण वीस मिनिटं ती सांगत राहिली की 'वाइन'च्या पानांवर तेलकट डाग पडतात, 'वाइन'ची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, पाऊस झाला की 'वाइन'वर फवारणी घ्यावी लागते. बाहेरून आलेले परीक्षक शेवटी म्हणाले, "हे सगळं बाटलीत भरण्याआधीचं ना?" वर्ग हसला. तीही हसली, आणि मग आठवडाभर तासाला फिरकली नाही.

त्या सेमिनारला मी मागच्या बाकावर बसून तिच्या व्याकरणाच्या चुका टिपत होते. एकतीस निघाल्या. त्यातल्या एकीमुळेही ऐकणाऱ्याचा घोटाळा झाला नव्हता. घोटाळा केला तो एका 'व'नं, आणि तो माझ्या यादीत नव्हताच.

नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना सेमिनारचं, प्रकल्प अहवालाचं आणि तोंडी परीक्षेचं इंग्रजी शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. दर शनिवारी दुपारी दोन तास. त्याहून जास्त ताणता येत नाही, कारण पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना गाडी पकडायची असते. दुसऱ्या कॉलेजांतले सहकारी 'तुमच्या नोट्स पाठवा' म्हणतात. नोट्स अशा नाहीत. जे करते ते इथे लिहिते.

आधी तो 'व'

आपला मराठी 'व' अधांतरी असतो. 'वेल' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण धड टेकत नाही, आणि ओठांचा चंबूही होत नाही. इंग्रजीत मात्र ही दोन वेगळी घरं आहेत. द्राक्षवेल ती 'व्हाइन': वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि तिथेच आवाज घुमवायचा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. प्यायची ती 'वाइन': दात लांब, ओठांचा चंबू, शिट्टी वाजवण्याआधी होतो तसा. मी मुलांना आधी नुसता 'ऊ' म्हणायला लावते आणि तिथून घसरत 'ऊआइन'वर आणते. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा आरशासारखा समोर धरला की दात टेकले की नाही ते ज्याचं त्याला दिसतं.

मग त्यांच्याच कामातले शब्द घ्या. एका बाजूला व्हॅल्यू, व्हॉल्यूम, व्हरायटी, व्हेरिएबल. दुसऱ्या बाजूला वेट, वॉटर, विंड, वीक. शेवटी 'द वेट अँड व्हॉल्यूम ऑफ वॉटर' हे सलग पाच वेळा. दहा मिनिटांत होतं.

याशिवाय एकच गोष्ट उच्चारातली शिकवते: शब्दात जोर कुठे द्यायचा. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं टाकतो. 'अनॅलिसिस'मध्ये जोर 'नॅ'वर असतो, 'ॲनालिटिकल'मध्ये तो 'लि'वर सरकतो. बाकावर थाप मारून म्हणायला लावलं की बसतं. बाकीचा उच्चार नाशिकचाच राहू द्या. त्यावर वेळ घालवणारे शिक्षक मी पाहिलेत, मुलं बिचारी आरशासमोर इंग्रज व्हायला बघतात आणि सेमिनारात एक वाक्य पुरं करत नाहीत.

क्रियापद नामाच्या पोटातून बाहेर काढा

पहिल्या शनिवारी व्याकरण नाही, ओळख नाही. प्रत्येकानं स्वतःच्या फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं: माझा प्रकल्प काय आहे. आधी मराठीत, घरी आईला सांगतोय असं. लगेच तेच इंग्रजीत.

कांद्याच्या साठवणुकीवर काम करणारा निफाडचा एक मुलगा मराठीत म्हणाला, "चाळीत खालून हवा खेळती नसली की मधला कांदा आधी सडतो. आम्ही तीन चाळी घेतल्या, दर पंधरा दिवसांनी वजन केलं." झकास. दोन वाक्यांत दावाही आला, पद्धतही आली. त्याचंच इंग्रजी रेकॉर्डिंग 'ओनियन इज व्हेरी इम्पॉर्टंट क्रॉप ऑफ इंडिया'पासून निघालं, आणि दोन मिनिटं संपली तरी कांदा महत्त्वाचाच होता. चाळीपर्यंत तो पोचलाच नाही.

दरवर्षी बहुतेकांचं हेच होतं. इंग्रजी सुरू झालं की शाळेतला निबंध जागा होतो. म्हणून मी मराठी रेकॉर्डिंगच पुन्हा ऐकायला लावते आणि त्यातलं सगळ्यात कामाचं एक वाक्य वहीत लिहून घेते. इंग्रजी त्या वाक्याचं करायचं, निबंधाचं नाही.

इथे एक खास आपली अडचण येते. त्या मुलाचं मराठी वाक्य होतं: 'दर पंधरा दिवसांनी तिन्ही चाळींतल्या प्रत्येकी पन्नास कांद्यांचं आम्ही वजन केलं.' त्याचं इंग्रजी झालं: 'एव्हरी फिफ्टीन डेज फ्रॉम थ्री स्ट्रक्चर्स ऑफ ईच फिफ्टी ओनियन्स द वेट वॉज टेकन.' बघा, मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून त्यानं सगळं सामान आधी गाडीत भरलं आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी बसवला. दुसरं म्हणजे आपण नामाला 'करणे' जोडून क्रियापद बनवतो: वजन करणे, निरीक्षण करणे, विश्लेषण करणे, तुलना करणे. त्यामुळे इंग्रजीतही 'ऑब्झर्व्हेशन वॉज टेकन', 'अनॅलिसिस वॉज डन', 'कम्पॅरिझन वॉज मेड' असं नाम आणि शेपटी येते. इंग्रजीत ते क्रियापद नामाच्या पोटातच असतं. बाहेर काढायचं: ऑब्झर्व्ह्ड, ॲनलाइझ्ड, कम्पेअर्ड, वेड (म्हणजे वजन केलं).

आता वाक्य: 'वी वेड फिफ्टी ओनियन्स फ्रॉम ईच स्ट्रक्चर एव्हरी फिफ्टीन डेज.' कोणी, काय केलं, कशाचं, बाकीचं मागून. काही मार्गदर्शकांना 'वी' खपत नाही. त्यांच्याशी भांडू नका, 'फिफ्टी ओनियन्स वेअर वेड' लिहा. क्रियापद तरी जिवंत राहिलं.

हा एक व्यायाम मी तीन शनिवार चालवते. मुलं एकमेकांच्या अहवालात 'डन', 'टेकन', 'मेड' शोधून गोल करतात. तेवढा खेळ त्यांना फार आवडतो, कारण त्यात दुसऱ्याची चूक सापडते.

प्रस्तावना म्हणजे एसटीची जागा

प्रस्तावना कशी लिहायची यावर मी सुरुवातीला पानंच्या पानं सांगायचे. मग भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांचा आराखडा हाती आला. संशोधन लेखांच्या प्रस्तावना तपासून त्यांनी १९९० मध्ये मांडलं की बहुतेक लेखक तीन हालचाली करतात: क्षेत्र दाखवतात, त्यातली रिकामी जागा दाखवतात, आणि ती जागा आपण घेतो असं जाहीर करतात. ऐकून मुलं माना डोलवायची आणि पुन्हा 'ओनियन इज व्हेरी इम्पॉर्टंट' लिहून आणायची.

एकदा सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, गाडीची वाट बघत उभी होते. गाडी लागली, गर्दी धावली, आणि एकानं खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरली. पुढच्या शनिवारी फळ्यावर एसटी काढली. ही गाडी सगळ्यांना हवी आहे, हे पहिलं. खिडकीजवळची ती सीट रिकामी आहे, हे दुसरं. हा माझा रुमाल, हे तिसरं. त्या दिवसापासून आमच्याकडे 'रुमाल कुठे आहे?' हा परवलीचा शब्द झाला. आता मार्गदर्शकसुद्धा मुलांना विचारतात.

वर्गात करायचं असं. प्रत्येकानं आपल्याच विषयातला एक छापील लेख आणायचा, इंग्रजीचं पाठ्यपुस्तक नाही. प्रस्तावनेत तीन रंगांच्या पेन्सिलींनी तीन हालचाली रंगवायच्या. दुसरी हालचाल सुरू होताना बहुतेक वेळा 'हाउएव्हर', 'यट', 'फ्यू स्टडीज', 'रिमेन्स अनक्लिअर' यांपैकी काहीतरी सापडतं, तो गाडीचा वळणाचा फलक. तिसरीत 'इन धिस स्टडी', 'वी एक्झामिन'. मग तोच लेख बंद करून आपल्या प्रकल्पाची फक्त तीन वाक्यं लिहायची, एकेका रंगाचं एकेक. कांदाचाळवाल्याची तीन वाक्यं मराठीत सांगते: रब्बी कांदा महिनोन्‌महिने चाळीत ठेवतात आणि त्यात सड, मोड, वजनातली घट असं नुकसान होतं. पण चाळीत नेमक्या कुठल्या थरात सड आधी सुरू होते याकडे आपल्या भागातल्या अभ्यासांत फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. या प्रकल्पात तीन चाळींतल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांची तुलना केली आहे. इंग्रजी होईल तेव्हा होईल, पण रुमाल पडला.

दोन धोके आहेत. 'फ्यू स्टडीज' लिहिण्याआधी शोधायला हवं. मी शोधगंगेवर बसवते, तिथे भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आणि तिथे एक तास घालवला की अर्ध्या मुलांची रिकामी सीट भरलेली निघते. दुसरा धोका असा की सीट रिकामी असते कारण ती मोडकी असते. 'निफाड तालुक्यातल्या अमुक गावात हा अभ्यास कोणी केलेला नाही' ही जागा झाली नाही. त्या गावात वेगळं काय, ते सांगता आलं पाहिजे.

'असावं' हा आपला खजिना

मुलांच्या अहवालातला मला सर्वांत खटकणारा शब्द 'प्रूव्ह'. 'धिस प्रूव्ह्ज दॅट…' तीन चाळी, एक हंगाम, आणि सिद्ध झालं! इंग्रजी शास्त्रीय लेखनात दावा पुराव्याच्या मापानं बेतावा लागतो. पूर्वी मी मे, माइट, कुड यांचा तक्ता द्यायचे. मुलं तो पाठ करायची आणि हव्या त्या जागी शिंपडायची.

मग लक्षात आलं की हे आपल्याला मराठीत उत्तम येतं. गच्चीवरून कोणी विचारलं, खाली गाडी कुणाची, तर आपण कशी उत्तरं देतो? 'दादाची आहे' म्हणजे पाहिली. 'दादाचीच असणार' म्हणजे दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. 'दादाची असावी' म्हणजे अंदाज आहे, पण कारणासकट. 'दादाची असेल' म्हणजे नुसता अंदाज. 'दादाची असू शकते' म्हणजे शक्यता नाकारत नाही, एवढंच. नाशिकचं कुठलंही पोर यात चुकत नाही.

तेव्हा निष्कर्षाचं प्रत्येक वाक्य आधी मराठीत या पाचांपैकी एका रूपात बसवून घ्या. 'मधल्या थरातली सड ओलाव्यामुळे ___': आहे, असणार, असावी, असेल की असू शकते? वर्गात यावर भांडण होतं, आणि तेच हवं असतं. ओलावा मोजला होता का? नाही. मग 'आहे' कसं? शेवटी 'असावी' ठरतं. इंग्रजी नंतर: असणार म्हणजे 'मस्ट बी', असावी म्हणजे 'इज लाइकली टु बी' किंवा 'इज प्रॉबेब्ली', असू शकते म्हणजे 'मे बी'. जोडीला दोन क्रियापदं, 'शो' आणि 'सजेस्ट'. आकडा थेट बोलतो तिथे 'शो', आकड्यावरून आपण बोलतो तिथे 'सजेस्ट'. गाळायचं ते 'इट इज सीन दॅट', आपल्या 'असे दिसून येते की'चं भूत. कुणाला दिसलं ते त्यात कधी कळत नाही.

लाल पेन

माझी एक चूक सांगायला हवी. पहिली दोन-तीन वर्षं मी अहवालातली प्रत्येक चूक लाल पेननं दुरुस्त करायचे. हरसूलकडच्या एका मुलाचा अठरा पानांचा मसुदा मी रात्री जागून इतका लाल केला की खालचं निळं दिसेना. त्यानं दुसरा मसुदा दिला तो माझीच वाक्यं जशीच्या तशी उतरवून, आणि तोंडी परीक्षेत त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारल्यावर गप्प उभा राहिला. वाक्य माझं होतं. त्याला ते कळलं नव्हतं आणि मला त्याचं म्हणणं कळलं नव्हतं.

आता एका मसुद्यात मी तीनच गोष्टी सांगते, पेन्सिलीनं, समासात, आणि प्रश्न म्हणून. जिथे अर्थ निसटतो किंवा दावा फुगतो तिथेच. बाकीच्या चुकांपैकी फक्त दोन प्रकार वर्गात एकत्र घेते.

एक, 'द' आणि 'अ'. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे नियम पाठ करून उपयोग होत नाही. वाक्यात 'एक' किंवा 'एखादा' घालून बघा, बसलं तर 'अ'. 'तो, मघाशी सांगितलेला' बसलं तर 'द'. 'एकूणच, जगातले सगळे' बसलं तर बहुधा अनेकवचन आणि आधी काही नाही. 'वी सिलेक्टेड अ फार्म इन दिंडोरी. द फार्म हॅड…' दर वेळी चालत नाही, पण पुष्कळ वेळा चालतं.

दोन, 'रिसर्चेस', 'इव्हिडन्सेस', 'इक्विपमेंट्स'. आपण 'संशोधनं', 'पुरावे', 'उपकरणं' म्हणतो म्हणून हे होतं. इंग्रजीत हे तिन्ही शब्द पाण्यासारखे, मोजायचे तर भांडं लागतं: 'पीसेस ऑफ इक्विपमेंट'. भिंतीवर यादी लावा आणि विसरून जा.

उसनवारीबद्दलही, म्हणजे दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून उतरवण्याबद्दलही, बोलावंच लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये सुधारित प्रत द्यायला वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. मुलं हे आकडे ऐकून शब्द बदलायला बसतात, 'बिग'चं 'लार्ज'. त्यापेक्षा मूळ परिच्छेद वाचा, लेख पालथा घाला, शेजारच्याला मराठीत सांगा, आणि त्या मराठीवरून इंग्रजी लिहा. वाक्याची ठेवण आपोआप बदलते. कुणाचं म्हणणं, ते मात्र लिहायचंच. चॅटजीपीटीनं लिहून आणलेल्या परिच्छेदालाही माझा हाच नियम आहे: त्यातलं जे वाक्य तुला मला मराठीत समजावता येत नाही, ते खोड.

'सर, तुमचं बरोबर आहे, पण…'

बोलण्याच्या सरावासाठी क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेल्या 'थ्री मिनिट थिसिस' स्पर्धेचे नियम आयते मिळतात: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, बाकी काही साधन नाही. मी त्यात एक भर घालते, हातात कागद नाही. तीन मिनिटांत बेताच्या वेगानं चारशेच्या आसपास शब्द होतात, तेव्हा काय गाळायचं ते आपोआप ठरतं. श्रोते मुद्दाम दुसऱ्या विभागातले बसवा. केमिस्ट्रीची मुलं डावणीला 'ते काय?' असं बिनदिक्कत विचारतात, स्वतःच्या विभागातली विचारत नाहीत.

खरी परीक्षा त्यानंतरच्या प्रश्नांत असते. आणि इथे भाषेपेक्षा रीत आडवी येते. आपण वडीलधाऱ्यांना थेट नाही म्हणत नाही. 'सर, तुमचं बरोबर आहे, पण…' अशी सुरुवात करतो, आणि मराठी कानाला कळतं की खरं बोलणं 'पण'नंतर आहे. एका मुलीनं तोंडी परीक्षेत हेच शब्दशः इंग्रजीत केलं: 'सर, यू आर राइट, बट…' परीक्षकांनी 'यू आर राइट'वरच पेन उचललं, म्हणजे तुमचे निकाल चुकीचे आहेत हे मान्य? ती घाबरून 'येस सर' म्हणाली. सहा महिन्यांचं काम तिनं दोन शब्दांत देऊन टाकलं. आकडे तिचे बरोबर होते.

त्यासाठी ही चार वाक्यं मी तोंडपाठ करून घेते, बाकी काही पाठ करू देत नाही. मान राखून असहमत व्हायला: 'आय सी युवर पॉइंट, सर. अवर डेटा, हाउएव्हर, शो…' प्रश्न कळला नाही तर: 'डू यू मीन…?' आणि प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणायचा. वेळ हवा तर: 'मे आय गो बॅक टु द टेबल?' आणि खरंच तक्त्याकडे जायचं. उत्तर येत नसेल तर: 'वी डिड नॉट मेझर दॅट.' हे शेवटचं म्हणताना मुलांची मान खाली जाते. मान वर ठेवून दहा वेळा म्हणायला लावते.

सरावाच्या वेळी परीक्षकाच्या खुर्चीत मी बसत नाही, मुलांनाच आळीपाळीनं बसवते. मागच्या वर्षी निफाडचा तो कांदाचाळवाला बसला होता. समोरची मुलगी म्हणाली, धिस प्रूव्ह्ज दॅट. त्यानं चष्मा नाकावर ओढला आणि मराठीतच विचारलं, "आहे, की असावं?"